मरळीचा उपवास

आमच्या विहिरीतल्या मरळीला शाकाहारी करायचं माझ्या जाऊबाईंनी मनावर घेतलं होतं. हसायचं तर हसून घ्या, मीही हसले होते. ज्यानं नदीकाठी मरळ पाहिली आहे त्याला तर हसू आवरणारच नाही. हातभर लांब, काळी, डोकं सापासारखं, आणि तोंडापुढून जाईल ते गिळणारी. असल्या माशाला कणकेच्या गोळ्यांवर ठेवायचं म्हणजे काय खायचं काम आहे? पण जाऊबाईंच्या मनात एक गोष्ट बसली की बसली, मग ब्रह्मदेव आला तरी उठत नसे.

तेव्हा नागपूर मध्यप्रांताची राजधानी होती आणि आमचे घरचे सचिवालयात कारकून होते. मी कळमेश्वरची, शेतात वाढलेली. लग्न होऊन इतवारीतल्या त्या घरात आले तेव्हा घरात माणसं दोनच होती, हे आणि ह्यांच्या थोरल्या भावाची बायको. माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, माझं लग्न व्हायच्या आदल्या वर्षी तापानं गेले होते. मूलबाळ नाही. भासरे गेले आणि जाऊबाईंनी गळ्यात तुळशीची माळ घातली, मासमच्छी सोडली, एकादशा धरल्या. हे सगळं कशासाठी, तर पुण्य गाठीला असलं म्हणजे तिकडं दोघांची भेट होईल. हे त्या मला भाजी निवडता निवडता सांगायच्या, जसं कोणी बहिणीच्या गावाला जायचं सांगावं तसं. मी कळमेश्वरची, चिंगळ्यांच्या कालवणावर वाढलेली. त्या घरात आल्यावर माशाचा वाससुद्धा बंद झाला. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा विहिरीत वाकून ती मरळ पाहिली तेव्हा माझ्या तोंडाला पाणीच सुटलं.

ती मरळ भासऱ्यांनीच आणलेली. त्यांचं लुगड्यांचं दुकान होतं, माल घ्यायला ते खाप्याला जायचे. एका उन्हाळ्यात विहीर उपसली, नवं पाणी आलं आणि त्यात किडे वळवळायला लागले. विहिरीत मासे सोडले की पाणी नितळ राहतं, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. म्हणून भासऱ्यांनी कन्हान नदीकाठच्या ढिवरांकडून, म्हणजे कोळ्यांकडून, मासोळ्या मागून घेतल्या आणि मडक्यात घालून, वर ओला फडका बांधून बैलगाडीनं घरी आणल्या. बोटाएवढ्या पांढऱ्या मासोळ्या. त्यात एक काळी होती, तिच्याकडं कोणी लक्ष दिलं नाही. मासोळ्या कमी होत गेल्या आणि काळी हातभर झाली तेव्हा भासऱ्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अवं, आपण तं वाघीण आणली!" जाऊबाई हे सांगायच्या तेव्हा दर वेळी हसायच्या, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायच्या.

मरळीचं पाण्यातल्या हवेवर भागत नाही. ती थोड्या थोड्या वेळानं वर येते, तोंड उघडून हवा घेते आणि गुळुक करून खाली जाते. गल्लीत नळ आले होते, पण नळाच्या आत कातड्याची चकती असते असं कोणीतरी सांगितल्यापासून जाऊबाईंनी नळाचं पाणी वर्ज्य केलं होतं. त्या विहिरीचंच पाणी प्यायच्या. सकाळी बादली आत सोडण्याआधी त्या काठावर उभ्या राहायच्या. गुळुक आवाज झाला की म्हणायच्या, "आहे." मगच दोर सोडायच्या. मला वाटायचं, मरळीला बादली लागू नये म्हणून. कशासाठी ते कळायला मला सहा महिने लागले, आणि कळलं तेव्हा मी चुलीपुढं बसून रडले.

तर त्या चातुर्मासात देवळात पुराण लागलं होतं. जाऊबाई रोज जायच्या. एक दिवस परत आल्या त्या पायसुद्धा न धुता ओट्यावर बसल्या.

"काहून बाई, जेवाचं नाही का?" मी विचारलं.

"विहिरीत मरळ कोणं आणली होती वं?"

"भासऱ्यांनी. तुमीच तं सांगता."

"अन् ती रोज किती जीव खाते?"

"मोजले नाहीत बाप्पा मी."

"बुवांनं आज सांगतलं," त्या म्हणाल्या, "हिंसा करणारं जनावर ज्यानं आणून पोसलं, त्या जनावराच्या पापात त्याचा वाटा. मेल्यावरही वाटा चालूच राहते. म्हणजे ही इथं बेडूक खाऊन राहिली अन् तिकडं त्यायच्या माथी चढून राहिलं."

मी हसले. मला वाटलं त्याही हसतील. त्यांचे डोळे डबडबले होते. "त्यायनं आयुष्यात मुंगी नाही मारली वं," त्या म्हणाल्या. "दुकानातल्या उंदरालेबी हाकलत होते फक्त." मनातून त्या बुवांचा असा राग आला की विचारू नका. विधवा बाई पुढ्यात बसली आहे हे दिसत होतं ना त्यांना? मग जीभ आवरायला काय झालं होतं?

पितृपक्षात भासऱ्यांची तिथी. त्या दिवशी ते घरी जेवायला येणार, तेव्हा त्यांच्या मागचं हे झंझट सुटलेलं असायला हवं, म्हणजे तोवर मरळीचं खाणं बदलायला हवं, असं जाऊबाईंनी ठरवलं.

पहिलं काम, मरळीच्या तोंडचे जीव वाचवायचे. जुन्या लुगड्याचा तुकडा टोपलीला बांधून त्या विहिरीत सोडायच्या आणि हळूच वर ओढायच्या. श्रावणाचे दिवस, विहीर भरत आलेली, बेडकांच्या पिल्लांचा नुसता सुकाळ. शेपट्या हलवणारी काळी पिल्लं, पांढऱ्या मासोळ्या, जे येईल ते मडक्यात. मग मडकं घेऊन गावातल्या 'शुक्रवारी' नावाच्या तलावावर जायचं आणि सोडून यायचं. दुसरं मडकं माझ्या कमरेवर. वाटेत कोणी विचारलं तर जाऊबाई सांगायच्या, "देवाचं काम आहे." मी नाक मुरडत का होईना, जायची. एवढ्या जड अंगाच्या बाईला एकटीला कसं जाऊ देणार?

दुसरं काम, मरळीला वळण लावायचं. रोज आंघोळ करून जाऊबाई कणकेच्या गोळ्या करायच्या, त्यात गुळाचा खडा, वर तुळशीचं पान. काठावर बसून देवाचं नाव घेत एकेक गोळी टाकायच्या. मरळ ढुंकून पाहायची नाही. गोळी तिच्या नाकापुढून तळाला जायची. मग भात टाकून झाला, मुरमुरे टाकून झाले. शेवटी मीच अक्कल पाजळली, "भिजवलेली डाळ टाकून पाहा बाई, गुरं कशी धावत येतात डाळीच्या चुणीवर." मरळ काय गाय आहे होय! पण मलाही तेव्हा जाऊबाईंचं वेड लागलं असावं. डाळही तळाला गेली.

तिनं एखादी गोळी तोंडात घेऊन थुंकली, तरी त्या दिवशी जाऊबाई दोन घास जास्त जेवायच्या. "शिकून राहिली," म्हणायच्या. "सवय लागाले वेळ लागतेच."

भाद्रपद लागला आणि विहिरीनं रंग दाखवायला सुरुवात केली. शेवाळ एवढं माजलं की पायऱ्या दिसेनात. तळाला कुजलेल्या कणकेमुळं पाण्याला आंबूस वास यायला लागला. आणि डास! डासांच्या अळ्या पाण्याच्या वरच्या अंगाला अशा वळवळायच्या की बादलीत पाणी कमी आणि अळ्या जास्त. पाणी कपड्यातून दोनदा गाळून मग उकळायचं, असं चालू झालं. पुढं ह्यांना थंडी वाजून ताप भरला. दोन गोधड्या अंगावर घालून वर मी हात दाबून बसले तरी खाट हलायची. हिवतापावर कोयनेलच्या पुड्या तेव्हा पोस्टात मिळायच्या, त्या आणल्या. त्या घेऊन ह्यांचं तोंड कडू झालं आणि डोकंही.

हे वहिनीला कधी उलटून बोलले नव्हते. आईच्या ठिकाणी मानायचे. त्या दिवशी मात्र खाटेवरूनच म्हणाले, "वहिनी, बस झालं आता. रविवारी ढिवराले बोलावतो. मरळ तलावात नेऊन सोडून देईल, अन् विहीर उपसून घेऊ."

जाऊबाई उठल्या. परसात जाऊन त्यांनी घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. मी मागोमाग गेले.

"तलावात गेली का जाळ्यात जाते," त्या भांड्याकडंच पाहत म्हणाल्या, "अन् जाळ्यात गेली का कढईत. हेबी मंग त्यायच्याच माथी." थोडा वेळ नुसती राख घासत राहिल्या. मग हात थांबला. "अन् खरं सांगू का वं? पापाचं राहू दे. त्यायच्या हातची जितीजागती एवढीच एक गोष्ट आहे मायापाशी. ती गेली का मी सकाळी उठून काय पाहू?"

सकाळचं ते "आहे" कशासाठी ते मला तेव्हा कळलं, आणि मी आत येऊन चुलीपुढं बसून रडले. ह्यांच्याशी मी त्या दिवशी भांडले, तापातल्या माणसाशी. म्हटलं, मरळ कुठं जात नाही, ढिवर आला तर मी काठी घेऊन उभी राहीन. हे कूस बदलून झोपले.

पण मरळ स्वतःच चालली होती. अंग वाळत गेलं, डोकं तेवढं मोठं दिसायचं. पूर्वी बादलीची चाहूल लागली की दगडाखाली सुळकन जायची, ती आता वरच पडून राहायला लागली. तिथी परवावर आली होती. त्या सकाळी जाऊबाई दोर हातात घेऊन काठावर उभ्या राहिल्या आणि आवाज होईना. मी दूध तापवून आले, तरी उभ्याच. केर काढून आले, तरी उभ्याच. किती वेळानं ती आली, कलती होऊन आली, तोंड अर्धवट उघडून पुन्हा खाली गेली. जाऊबाई दोर धरूनच खाली बसल्या.

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघी विहिरीच्या काठावर बसलो होतो. दुपारी ऊन नेमकं आत उतरायचं, पार पाण्यापर्यंत. शेवाळ उन्हात लखलखत होतं, त्यातून बुडबुडे वर येत होते. त्याखाली काळी रेघ, ती मरळ.

मला राहवलं नाही. "बाई," मी म्हटलं, "ते शेवाळ पाहा. त्याले कोणी खायला घालते का? ऊन खाते अन् वाढते. शेवाळ खात होती बेडकाची पिल्लं. अळ्या खात होत्या मासोळ्या. अन् त्या दोघायले खात होती ही. आपण मधलेच उचलून तलावात नेऊन टाकले. आता ऊन पडते तेवढंच पडते, पण हिच्या पोटापर्यंत पोचाले वाटच नाही राहिली."

"एवढं शेवाळ आहे, त्यातलं थोडंसं खाल्लं तं?"

"ती खात नाही ते. जे खाते त्यातलंही थोडंच अंगी लागते. तुमी दोन भाकरी खाता, त्यातलं किती राहते अंगात? दोर ओढण्यात जाते, दळण्यात जाते, नुसतं अंग ऊन ठेवण्यात जाते. पिल्लाचंबी तसंच. ढीगभर शेवाळ खाल्लं तं चिमूटभर अंगी लागन. अन् अशी कितीक पिल्लं पोटात गेली तं मरळ बोटभर वाढन. म्हणून तं एवढ्या मोठ्या विहिरीत मरळ एकच. दुसरी पोसत नाही."

हे मला कोणी शिकवलं नव्हतं. शेतात वाढलेल्या माणसाला एवढं दिसतं. आमच्या शिवारात गवतावर टोळ मोजता येणार नाहीत इतके, सरडे त्याहून फार कमी, आणि वर घिरट्या घालणारा ससाणा सगळ्या शिवारात एक. तो एक पोसायला सगळं शिवार लागायचं. माझे वडील त्याला पाहून म्हणायचे, "ह्याचा संसार सगळ्यात महाग." एवढंच माझं शिक्षण.

जाऊबाई पाण्याकडं पाहत राहिल्या. "म्हणजे सगळं उन्हापासूनच आलं?"

"हौ."

"बेडकाचं पिल्लू म्हणजेबी ऊनच, अन् मरळ म्हणजेबी?"

"हौ बाई. तुमी-आमीबी. ज्वारी काय खाऊन वाढते?"

त्यांनी काठावरच्या उन्हात आपला तळहात धरून पाहिला. मग म्हणाल्या, "मंग पाप कुठून सुरू होते वं? ऊन तं देवाचं."

"मले काय माहीत," मी म्हटलं. "बुवांले विचारा."

"बुवांनं मरळ पाहिली नाही," जाऊबाई म्हणाल्या. मग पदर तोंडाशी धरला. "ती उपाशी आहे वं. मी उपाशी ठेवली तिले. मी इथं बसून रोज देवाचं नाव घेऊन राहिली, अन् ती रोज उपाशी. त्यायनं आणलेली." आणि अशा हमसून हमसून रडल्या, तशा ह्यांचं बोलणं ऐकून रडल्या नव्हत्या, भासऱ्यांची आठवण काढूनही रडल्या नव्हत्या. मी त्यांची पाठ चोळत राहिले. मोठी बाई, पण त्या वेळी मला ती माझ्या धाकट्या बहिणीएवढी वाटली.

तिथीचा दिवस उजाडला. हे तापातून उठलेले, अंगात त्राण नाही, तरी सोवळं नेसून भावाचं सगळं यथासांग केलं. वडे, खीर, भासऱ्यांच्या आवडीची गवारीची भाजी. कावळ्यानं फार ताणलं नाही. ब्राह्मण जेवून गेला. मी म्हटलं, आता बाईंना वाढावं, सकाळपासून उपाशी आहेत. पाहते तर जाऊबाई मडकं आणि तो लुगड्याचा तुकडा घेऊन दारात उभ्या.

"चाल, तलावावर जाऊन येऊ."

"आज? अवं बाई, आज तिथी आहे. उद्या जाऊ. आजच्या दिवशी तरी नको."

"आजच," त्या म्हणाल्या. "आज ते घरी आले आहेत. त्यायच्या देखत झालेलं बरं."

शुक्रवारी तलावाच्या काठाला, जिथं आम्ही मडकी रिकामी करायचो, तिथंच जाऊबाई लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उतरल्या. कापडाचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं पाण्यात. मी म्हटलं, "बाई, तुमी वर या. मी पकडते. मी कळमेश्वरची, माया हातानं कितीक मासे मेले, त्यात चार वाढले तं काय बिघडलं? तुमच्या गळ्यात माळ आहे."

"तू हात लावू नको."

"काहून पण?"

"हिशेबात तुयं नाव नको. कोणाचंच नको, मायं सोडून." आणि माळ गळ्यातून काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "हे धरून राय फक्त."

मुंगीला वाट देणारी ती बाई. पहिल्यांदा कापड उचललं तेव्हा सगळ्या मासोळ्या निसटल्या. पुन्हा बुडवलं. ओठ हलत होते, देवाचं नाव की आणखी काय ते मला कळलं नाही. बऱ्याच वेळानं मडक्यात मूठभर मासोळ्या आणि शेपटीवाली पिल्लं जमली. येताना वाटेत ओळखीची बाई भेटली, तिनं विचारलं, आज काय आणलं? जाऊबाई पहिल्यांदाच म्हणाल्या, "मरळीचं खाणं."

घरी आल्यावर हे ओसरीवर बसले होते. त्यांनी मडक्यात पाहिलं, वहिनीकडं पाहिलं, आणि उठून बादलीला दोर बांधून दिला.

जाऊबाईंनी मडकं बादलीत ओतलं आणि बादली हळूहळू खाली सोडली. मी म्हटलं, "डोळे मिटून घ्या बाई." त्यांनी मिटले नाहीत. बादली कलती झाली, मासोळ्या पाण्यात पसरल्या. क्षणभर काहीच नाही. मग शेवाळाखालून ती काळी रेघ सरकली आणि पाण्याचा असा फटकारा झाला की थेंब वरपर्यंत आले. जाऊबाईंच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला, पण नजर हलली नाही. मरळ फिरली, पुन्हा झडप घातली. त्या सगळं पाहत होत्या.

पाणी शांत झालं तेव्हा त्या विहिरीत वाकल्या आणि बोलल्या. मरळीशी नाही. नवरा जेवून ओट्यावर बसला असावा आणि बायकोनं आतून बोलावं, तशा आवाजात.

"ऐकलं का? आजपासून हिले मी खाऊ घालते असं समजा. तुमी आणली होती, ते मिटलं. तुमच्या माथी आता काहीच नाही, सगळं माया माथी. मायं ठरलं होतं तुमच्याकडं यायचं, ते आता होते का नाही कोण जाणे." हातातला दोर त्यांनी काठावर ठेवला. "तं तुमी व्हा पुढं. मायासाठी थांबू नका."

मी त्यांची माळ मुठीत धरून तिथंच उभी होते. मला ती त्यांना परत करवेना आणि खाली ठेववेना.